आयर्लंडकडे एकही फायटर विमान नाही, मग यांचं सैन्य लेबनॉनमध्ये काय करतंय?

लिफीकाठचा_बंड्या:

नमस्कार मंडळी. डब्लिनात येऊन आता बरीच वर्षं झाली पण इथल्या राजकारणात कधी डोकं घातलं नव्हतं, घरभाडं आणि पाऊस हे दोनच विषय आयुष्याला पुरतात. पण हल्ली ऑफिसात जेवताना रोज 'ट्रिपल लॉक' वरून (सैन्य देशाबाहेर पाठवण्यावरच्या अटी) जुंपते आणि दोन्हीकडची माणसं इतकी तापतात की मध्ये तोंड उघडायची सोय नाही, म्हणून इथे विचारतोय.

मला जेवढं कळलंय ते असं की हा देश नेटोत नाही, फायटर विमानं शून्य, सगळे मिळून साडेसात हजाराच्या आसपास सैनिक (आपल्याकडे एखाद्या मोठ्या पोलीस आयुक्तालयात याहून जास्त असतील), आणि तरीही १९५८ पासून एक दिवसही असा गेलेला नाही म्हणे की यांचा माणूस यूएनच्या कुठल्या ना कुठल्या शांतता मोहिमेवर नाहीये. आणि लोकांना त्याचा अभिमान किती! लेबनॉन म्हटलं की टेबलावर प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका, मामा तिथे जाऊन आलेला निघतो.

मला हे गणित जुळत नाही. स्वतःच्या आकाशावर नजर ठेवायला विमान नाही आणि दुसऱ्याच्या भांडणात मध्ये उभं राहायला बटालियन आहे? हे तत्त्व आहे का कंजुषी? जाणकारांनी उजेड पाडावा.

खारावारा:

बंड्या, कॉर्कहून लिहितोय, आमच्या बंदरातच यांचं नौदल आहे त्यामुळे ही चर्चा इकडे चहासोबत चालते. तत्त्व का कंजुषी, तर दोन्ही, आणि ही दोन्ही इतकी एकमेकांत मिसळली आहेत की आता आयरिश माणसालाही वेगळी करता येत नाहीत.

आधी एक लक्षात घे, तटस्थ म्हणजे निःशस्त्र असं काही नसतं. स्वित्झर्लंड तटस्थ आहे पण घरटी सैनिकी शिक्षण आणि डोंगर पोखरून केलेले बंकर. स्वीडन, फिनलंड नेटोत जायच्या आधी दशकानुदशकं बाहेर होते पण स्वीडन स्वतःची फायटर विमानं स्वतः बनवतो. आयर्लंडने यातलं काहीच केलं नाही कारण गरजच पडली नाही, एका बाजूला ब्रिटन, दुसऱ्या बाजूला अटलांटिक आणि पलीकडे अमेरिका. दुसऱ्या महायुद्धात हे बाहेर राहिले. १९४९ ला नेटोचं बोलावणं आलं तेव्हा हे म्हणाले की आमच्या बेटाची फाळणी करून वरचे सहा काउंटी दाबून बसलेल्या ब्रिटनबरोबर आम्ही युती कशी करणार. म्हणजे सुरुवातीला तो शांततावाद वगैरे नव्हता, सरळ फाळणीचा राग होता. शांततेचं वळण नंतर आलं, १९५५ ला यूएनमध्ये शिरल्यावर. फ्रँक एकेन नावाचा परराष्ट्रमंत्री होता, ब्रिटिशांविरुद्ध लढलेला जुना आयआरएवाला गडी, त्याने अणुबंदीचा विषय यूएनमध्ये इतका लावून धरला की १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर पहिली सही त्यालाच करायला मिळाली.

आता सैन्याकडे ये. पन्नासच्या दशकात या सैन्याला कामच नव्हतं. मग १९६० ला यूएनची काँगोतली मोहीम आली. जुलैमध्ये बटालियन निघाली तेव्हा यांच्याकडे न्यायला विमानं नव्हती, अमेरिकन हवाई दलाची ग्लोबमास्टर येऊन बाल्डोनेलच्या धावपट्टीवरून उचलून घेऊन गेली. अंगावर जाड लोकरीचे युनिफॉर्म, हातात जुन्या ली-एनफिल्ड रायफली, आणि उतरले विषुववृत्तावर! नोव्हेंबरमध्ये निएम्बाला ११ जणांच्या गस्तीवर हल्ला झाला, ९ मेले. डब्लिनमध्ये अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा अफाट गर्दी होती. एखादा देश असा फटका बसल्यावर पोरं परत बोलावेल, यांनी उलट आणखी पाठवली.

तिथून पुढे अख्खं सैन्य या एकाच कामाभोवती उभं राहिलंय हे बघितलं की तुझं गणित जुळेल. बाहेर पाठवता येईल अशी पायदळाची बटालियन, तिच्यासाठी चिलखती गाड्या (मोवाग पिरान्हा, आठ चाकांच्या), इंजिनिअर, सिग्नलवाले, हे सगळं ठीकठाक आहे. जे मोहिमेवर लागत नाही ते घेतलंच नाही. म्हणून पिरान्हा आहे आणि लष्करी रडार नाही, ते आत्ता कुठे घेतायत. हवाई दलात पिलाटस पीसी-९ आहेत, पंख्याची ट्रेनर विमानं. रशियन बॉम्बर जवळून गेले तर ब्रिटिश हवाई दल उठतं, तसा समझोता आहे हे इथे सगळ्यांना माहितीये आणि सरकार त्यावर एक अक्षर बोलत नाही.

कट्टा_नंबर_सात:

वा. म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा नाही आणि गणपतीच्या मांडवात मात्र बिल्ला लावून पुढे पुढे.

माफ करा पण मला यात काही उदात्त दिसत नाही. युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक, २०२५ चं संरक्षणाचं बजेट १.३५ अब्ज युरो, जीडीपीच्या पाव टक्क्याच्या आसपास. खंडात सगळ्यात तळाला. आणि समुद्र किती मोठा आहे यांचा, त्याखालून नाहीतर त्याला लागून अटलांटिकच्या पलीकडे जाणाऱ्या इंटरनेटच्या केबली जातात, तुमच्या सगळ्यांच्या आयटी नोकऱ्या त्याच केबलींवर चालतात बरं का. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाचं 'यांतार' नावाचं हेरगिरीचं जहाज आयरिश समुद्रात येऊन फिरून गेलं, यांनी काय केलं? लक्ष ठेवलं. २०२१ ला सरकारी आरोग्य खात्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला तर दवाखाने आठवडेच्या आठवडे कागद-पेनवर. आधी घर सांभाळा मग लेबनॉनला जा.

खारावारा:

सात नंबर, बोचरं आहे पण अर्धं खरं आहे. एक दुरुस्ती फक्त, इथला जीडीपी अमेरिकन कंपन्यांच्या हिशेबाने फुगलेला असतो त्यामुळे टक्केवारी दिसते त्याहून थोडी बरी आहे. तरीही कमीच, त्यात वाद नाही. २०२२ ला सरकारनेच नेमलेल्या कमिशनने तीन पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली म्हणजे आहे तेच चालू ठेवा. दुसरी म्हणजे २०२८ पर्यंत बजेट दीड अब्जावर न्या (२०२२ च्या किमतीत). तिसरी म्हणजे त्याच आकाराच्या इतर युरोपीय देशांसारखं फायटर विमानांसकट खरंखुरं सैन्य, म्हणजे बजेट तिप्पट. सरकारने मधली घेतली.

पण पैशापेक्षा माणसांची बोंब मोठी आहे. मंजूर जागा साडेनऊ हजार आणि माणसं साडेसात. आमच्या इथे हॉलबोलाइनच्या नौदल तळावर जहाजं बांधून ठेवलेली असतात कारण खलाशी नाहीत. तंत्रज्ञ शिकवून तयार केला की औषध कंपनी नाहीतर डेटा सेंटरवाले दुप्पट पगारावर उचलतात. २०२४ ला सीरिया-इस्रायलमधल्या गोलान टेकड्यांवरची यूएन मोहिमेतली तुकडी काढून घेतली त्याचंही एक कारण हेच, इकडे युरोपियन बॅटलग्रुपसाठी (युरोपियन युनियनची तातडीची फौज) माणसं द्यायची होती आणि दोन्हीकडे पुरत नव्हती.

ऑलिव्हग्रीन:

मी भारतीय सैन्यातून निवृत्त आहे, आफ्रिकेत यूएनच्या निळ्या टोपीत एक टेन्युअर केलंय, त्यामुळे चार शब्द.

सात नंबर साहेब, 'बिल्ला लावून पुढे' हे जरा अति झालं. लेबनॉनमध्ये १९७८ पासून आयरिश पोरं जाताहेत, मध्ये काही वर्षांची गॅप सोडली तर. पन्नासच्या आसपास तिथे मेलीत, एवढ्याशा देशाला हा आकडा लहान नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बैरूत विमानतळाकडे सुट्टीवरच्या सहकाऱ्यांना सोडायला निघालेल्या गाडीवर गोळीबार झाला, त्यात एक प्रायव्हेट गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलने सीमेजवळच्या पोस्टी खाली करा असं सांगितलं, आयरिश पोस्टच्या शेजारी रणगाडे आणून उभे केले, आतमध्ये तीसेक माणसं. ती हलली नाहीत. काही दिवसांनी रणगाडेच गेले. ज्याने असली पोस्ट बघितलीये त्याला कळेल की तिथे फायटर विमान असून नसून काही फरक पडत नाही. तिथे लागतो तो असा माणूस जो दोन्हीकडच्या शिव्या खाऊन रात्री डायरीत वेळेसकट लिहून ठेवतो की कोणी किती वाजता कुठून फायर केला. कंटाळवाणं काम आहे आणि त्या नोंदीशिवाय न्यूयॉर्कमध्ये कोणाला काही बोलता येत नाही.

आता लहान देश का चांगला? कारण त्याच्याबद्दल कोणाला संशय नसतो. मोठ्या देशाचा सैनिक गावात शिरला की लोक विचारतात याला आमच्याकडून काय हवंय. आयरिश माणूस स्वतः वसाहतीतून बाहेर पडलेला, ना तेल घ्यायला आलाय ना तळ बांधायला. फिजी घ्या, नेपाळ घ्या, तेही लहानच. पण तिथे पैशाचा भाग मोठा आहे, यूएन दर सैनिकामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर देते, गरीब देशाच्या सैन्याला त्याने खरंच आधार होतो. आयर्लंडला त्या पैशाने काही होत नाही, यांचा पगारच त्याहून किती. यांना मिळतं ते दुसरीकडे. जून २०२० ला सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेची निवडणूक झाली, नॉर्वे, आयर्लंड आणि कॅनडा, जागा दोन. कॅनडा पडला! त्यावेळी लेबनॉन आणि काँगो कामाला आलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि जोखीम बघायची तर २०१४ चं गोलान बघा. सीरियातल्या अल-कायदाच्या नुसरा गटाने फिजीचे ४५ सैनिक ओलीस धरले, फिलिपिन्सच्या पोस्टींना वेढा घातला, आणि त्यातल्या एका पोस्टमधून फिलिपिनो सैनिकांना बाहेर काढायला गेल्या त्या आयरिश पिरान्हा. हे काम सगळ्यांना जमत नाही.

मुळशीचा_पाऊस:

ऑलिव्हग्रीन सर, काँगोमध्ये आपलेही होते ना? कॅप्टन सलारिया तिथलेच का?

ऑलिव्हग्रीन:

हो तेच. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, ३/१ गोरखा रायफल्स, ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल. यूएन मोहिमेवर परमवीर चक्र मिळालेला एकमेव माणूस. आणि त्याच महिन्यात त्याच शहरात आयरिश बटालियन रेल्वेच्या बोगद्यासाठी लढत होती. त्यावेळी काँगोतल्या अख्ख्या यूएन फौजेचा कमांडर आयरिश होता, जनरल शॉन मॅकओन. म्हणजे आपली ब्रिगेड एका आयरिश जनरलच्या हाताखाली लढली, हे आपल्याकडे कोणाला माहीत नसतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॅडोटव्हिलला कमांडंट पॅट क्विनलनची कंपनी, दीडशेच्या वर माणसं, काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांताच्या हजारोंच्या फौजेने आणि भाडोत्री सैनिकांनी घेरली. पाच दिवस झुंजले, पाणी संपलं, दारूगोळा संपला, मग शरण गेले. एकही माणूस मेला नाही. स्टाफ कॉलेजात शिकवावी अशी बचावाची लढाई, आणि घरी परतल्यावर काय? 'जॅडोटव्हिल जॅक' म्हणून चिडवायचे. शरण गेले ना! क्विनलन १९९७ ला वारला, सन्मान जिवंतपणी बघायला मिळाला नाही, सरकारला सुचलं ते २०१६ ला. आता त्यावर सिनेमाही आहे म्हणून तरुण पोरांना माहितीये. कधीच न लढलेल्या सैन्याला लढाई म्हणजे काय हे मोजायचंच माहीत नसतं, हा माझा त्यातला निष्कर्ष, पटो न पटो.

आणि मराठी माणसाने आणखी एक लक्षात ठेवावं, यूएनची निळी टोपी काँगोत जायच्याही आधी १९५३-५४ मध्ये कोरियात आपली कस्टोडियन फोर्स गेली होती, कमांडर मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. घरी परतायला तयार नसलेले हजारो युद्धकैदी सांभाळायचं काम. दक्षिण कोरियाचा सिंगमन ऱ्ही आपल्या सैनिकांना त्याच्या जमिनीवर पाऊल ठेवू देईना, मग जहाजातून उतरवून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तटस्थ माणसाला दोन्हीकडून कसं वागवतात त्याचा हा नमुना.

लिफीकाठचा_बंड्या:

बाप रे, एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न राहिला, ट्रिपल लॉकचं काय? ऑफिसातली एक बाई म्हणते हे काढलं की तटस्थता गेली, दुसरा म्हणतो पुतिनच्या हातात व्हेटो कशाला ठेवायचा.

खारावारा:

सोप्या भाषेत सांगायचं तर १२ पेक्षा जास्त सैनिक बाहेर पाठवायचे असतील तर तीन किल्ल्या लागतात. मंत्रिमंडळाचा निर्णय, डॉइलचा (इथली लोकसभा) ठराव, आणि यूएनची परवानगी, म्हणजे बहुतेक वेळा सुरक्षा परिषदेचा ठराव, जिथे रशियाला व्हेटो (नकाराधिकार) आहे. वाद फक्त तिसऱ्या किल्लीचा आहे. कायद्यात यूएनचा उल्लेख १९६० पासूनच आहे पण 'ट्रिपल लॉक' म्हणून तो मिरवायला लागले ते २००२ नंतर. २००१ मध्ये युरोपच्या नीस करारावर सार्वमत झालं आणि लोकांनी चक्क नाही म्हटलं, युरोपियन आर्मीत आमची पोरं जातील ही भीती हे त्यातलं एक कारण. मग सरकारने सेव्हिलला जाहीरनामा काढला की असं काही होणार नाही, तीन किल्ल्या आहेत, आणि २००२ मध्येच पुन्हा मतदान घेऊन करार पास करून घेतला. त्यामुळे लोकांना वाटतं हा आम्हाला दिलेला शब्द आहे, आणि खरंच आहे.

दुसऱ्या बाजूचं आवडतं उदाहरण मॅसेडोनियाचं. १९९९ मध्ये मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली, चीन भडकला आणि तिथल्या यूएन मोहिमेला मुदतवाढ देण्यावर व्हेटो मारला. पुढे २००३ ला युरोपियन युनियनने तिथे छोटी मोहीम पाठवली, मॅसेडोनियालाच हवी होती, कोणाचा विरोध नव्हता, पण यूएनचा ठराव नाही म्हणून आयर्लंड जाऊ शकला नाही. आणि सरकारचं म्हणणं, २०१४ नंतर सुरक्षा परिषदेने एकही नवीन मोठी शांतता मोहीम काढलेली नाही, मग आम्ही कुलूप लावून किती दिवस बसायचं. २०२५ ला विधेयकाचा मसुदा आणलाय, त्यात यूएनची अट निघते आणि १२ चा आकडा ५० होतो.

माझं मत विचारशील तर किल्ली बदलायला हरकत नाही, पण ज्या सरकारला जहाजावर खलाशी चढवता येत नाहीत ते तिसरी किल्ली काढून नेमकं कुठे जाणार आहे हे त्यांनी आधी सांगावं.

रेवती_ग:

मी शॅननजवळ राहते. इथल्या विमानतळावर अमेरिकन सैन्याची विमानं वर्षानुवर्षं उतरतात, इंधन भरतात, इराक-अफगाणिस्तानच्या वेळी तर रांग असायची. तेव्हा तटस्थता कागदावर कितपत आणि रस्त्यावर कितपत हे इथल्या माणसाला विचारा. म्हणूनच मला वाटतं तिसरी किल्ली ठेवावी. पुतिनचा व्हेटो वगैरे ठीक आहे, पण किल्ली नसेल तर ब्रसेल्स किंवा वॉशिंग्टनवरून फोन आल्यावर 'आम्हाला कायद्याने येत नाही' असं सांगायची सोय जाईल. लहान देशाला असं निमित्त हाताशी लागतं हो. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणणं प्रत्येक मंत्र्याच्या अंगात नसतं.

आणि लोकांचा कल काय आहे ते ऑक्टोबर २०२५ ला दिसलंच की, कॅथरीन कॉनली राष्ट्राध्यक्ष झाल्या त्या उघडपणे तटस्थतेच्या बाजूने बोलून. पद शोभेचं आहे मान्य, पण निवडून लोकांनी दिलंय.

मालवणी_तिखट:

सगळे एवढे गंभीर झालात, आमच्या वराडच्या माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही! लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आणि लिओ पंतप्रधान असतानाच डिसेंबर २०१७ मध्ये आयर्लंड युरोपच्या 'पेस्को' संरक्षण सहकार्यात गेलं. तेव्हाही हेच, तटस्थता गेली म्हणून आरडाओरडा.

आणि कट्टेवाल्या भावा, नौदल काय करतं विचारत होतास ना, तर २०२२ च्या सुरुवातीला रशियन नौदलाने यांच्या किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर तोफांचा सराव जाहीर केला होता. सरकार निषेध करत बसलं. कॉर्ककडचे मच्छीमार रशियन वकिलातीत जाऊन बसले आणि म्हणाले आमचा मासेमारीचा सीझन आहे, आमच्या बोटी तिथे जाणार म्हणजे जाणार. रशियाने सराव पलीकडे हलवला. आता सांगा, आमच्या मालवणच्या रापणकारांना ही युक्ती पर्ससीनवाल्यांविरुद्ध का जमत नाही?

कट्टा_नंबर_सात:

हाहा, मच्छीमारांचं मान्य. म्हणजे देशाचं संरक्षण कोळ्यांवर, हेच तर मी म्हणत होतो.

ऑलिव्हग्रीन साहेब, पोस्टवाल्यांबद्दल आदरच आहे, माझं भांडण डब्लिनमधल्या सरकारशी आहे. पण मला एक सांगा, सुरक्षा परिषदेने लेबनॉनची मोहीमच बंद करायचं ठरवलंय ना? मग ज्या कामासाठी हे सैन्य उभं केलं तेच गेलं की.

ऑलिव्हग्रीन:

हो, ऑगस्ट २०२५ चा ठराव आहे. युनिफिलचं काम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, त्यानंतर वर्षभरात सगळं गुंडाळायचं. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि आयरिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्येही तोच चालू असणार. गोलान गेलंय, लेबनॉन जातंय. ज्युनिअर अधिकाऱ्याला, एनसीओला खरा अनुभव मिळायची जागा तीच होती, आणि भरतीला येणारं पोरगंही त्या सहा महिन्यांच्या टूरसाठीच येतं, बरॅकमध्ये गार्ड द्यायला कोणी येत नाही. भरती आधीच आटलेली असताना हे आकर्षण गेलं तर साडेसात हजारही टिकवणं जड जाईल. नवीन रडार, पाणबुडी शोधायचं सोनार हे सगळं येईल, पण त्याला वेगळ्या प्रकारचा माणूस लागतो, तो तंत्रज्ञ, जो खारावाराभाऊ म्हणतात तसा डेटा सेंटरवाले पळवतात.

लिफीकाठचा_बंड्या:

सगळ्यांचे आभार. सोमवारी जेवताना मी मॅसेडोनिया काढणार आहे, बघू कोण कोण गप्प बसतं. रेवतीताई, शॅननचं पण काढतो, तुमचं नाव न सांगता. विधेयक डॉइलमध्ये मतदानाला आलं की धागा वर काढेन.

खारावारा:

मॅसेडोनिया काढ, पण ती बाई लगेच विचारेल की वीस वर्षांत दुसरं उदाहरण कोणतं. त्याची तयारी करून जा.